स्वच्छ कोड आणि भिंतीमागचा ड्रम

कोड स्वच्छ असावा की नाही हा विषय निघाला की माझं अजूनही डोकं फिरतं. एखाद्या व्हिडिओत कुणी हसतमुख माणूस सांगत असतो की हौशी माणसानंही आपल्या वेबसाइटचा कोड नीटनेटका ठेवावा, नको ते काढून टाकावं, आणि मी हातातली भाजी टाकून त्याच्याशी भांडायला लागते. मोबाइलशी भांडणारी बाई बघून घरचे हसतात. हसू देत. नको ते म्हणजे कुणाला नको ते, एवढंच मला त्या माणसाला विचारायचं असतं, आणि तो काही मोबाइलमधून बाहेर येत नाही.

मी प्रोग्रामर नाही. औरंगपुऱ्यातल्या एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका, बिलबुकं आणि फ्लेक्स जुळवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. वेबसाइट मी केली ती एकच, तीही गरज म्हणून.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तो उन्हाळा. शहराच्या पाट्यांवर तेव्हा जुनं नाव होतं. जायकवाडीत मृतसाठा होता आणि आम्ही राहत होतो बीड बायपासच्या पलीकडे, जिथं महापालिकेची पाइपलाइन फक्त नकाशात पोचली होती. तरी इमारती उठतच होत्या. प्यायला पाणी नाही आणि नव्या स्कीमच्या जाहिरातीत निळाशार पोहण्याचा तलाव! त्या जाहिरातींचे फ्लेक्सही मीच जुळवायचे. निळा रंग अजून गडद करा, असं गिऱ्हाईक म्हणायचं, आणि मी मुकाट्यानं करायचे.

आमच्या कॉलनीत टँकर यायचा. तो आधी कोणत्या गल्लीत थांबणार यावरून कॉलनीच्या मोबाइल ग्रुपवर रोज रणकंदन व्हायचं. वर शुभ सकाळचा गुलाब आणि त्याच्याखाली लगेच एकमेकांच्या घराण्याचा उद्धार. आज आमची पाळी होती, नाही आमची होती, काल तुम्ही दोनदा भरलंत. त्या गोंधळाला कंटाळून मी एक पान तयार केलं. फुकटात वेबसाइट टाकायला जागा मिळते हे मला दुकानात कळलं होतं. पान उघडलं की आजची गल्ली आणि वेळ दिसायची, बस्स. लोकांनी पान बघितलं आणि ग्रुपवरची भांडणं खरंच थंडावली. टँकरचा ड्रायव्हरही आपल्या मोबाइलवर तेच पान बघून गाडी वळवायला लागला. म्हणजे पान सांगेल तिथं पाणी, इतकं ते साधं झालं.

आतला कोड मात्र दिव्य होता. कोड म्हणजे शेवटी संगणकाला दिलेल्या सूचनाच, अमुक वार असेल तर अमुक गल्ली दाखव. शहाणा माणूस ती सूचना एकदा लिहितो आणि सगळीकडे वापरतो. मी ती प्रत्येक गल्लीसाठी पुन्हा पुन्हा चिकटवली होती, जशी एका पत्रिकेवरून दुसरी करतो तशी. आमच्या धंद्यात फाइलींची नावंच अशी असतात, फायनल, फायनल दोन, खरंच फायनल. तीच सवय कोडमध्ये उतरली. चारी बाजूंनी मी वेलबुट्टीची किनारसुद्धा टाकली होती, कारण किनारीशिवाय मला पान उघडं वाटतं. हे सगळं बघून हसायचं तर हसा. पण पान चालत होतं, आणि चुकीच्या गल्लीत टँकर एकदाही गेला नव्हता.

आता भिंतीमागची गोष्ट सांगते, कारण माझा सगळा राग तिथला आहे.

कॉलनीच्या मागच्या भिंतीपलीकडे पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. तिथं एक म्हातारी राहायची, धनगराच्या घरातली. तिच्याकडे थोड्या शेळ्या होत्या आणि एक प्लास्टिकचा निळा ड्रम. मुलगा शेंद्र्याला कंपनीत कंत्राटावर होता, तो सुट्टीला यायचा. आम्ही सगळे ज्या जमिनीवर घरं बांधून बसलो ती जमीन तिच्या सासरची. दिरांनी ती विकली, तिला त्यात कुणी विचारलं नाही. विहीर मात्र तिच्या नवऱ्याच्या वाट्याची होती. बिल्डरनं आमच्या घरांच्या विटा भिजवल्या त्या विहिरीच्या पाण्यानं, स्लॅब भिजवले त्याच पाण्यानं. सगळी घरं उभी राहिली तेव्हा उरलेला राडारोडा त्या विहिरीत टाकून ती बुजवली आणि वर बाग केली. बागेत घसरगुंडी आहे, बाक आहेत, सकाळी हास्यक्लब चालतो. कॉलनीला भिंत घातली तेव्हा म्हातारी भिंतीच्या पलीकडे राहिली.

माझं माहेर पाचोडचं. आमच्या शेतात दरवर्षी धनगर मेंढ्या बसवायचे. लेंडीखत शेताला मिळायचं आणि त्याच्या बदल्यात वडील धान्य द्यायचे. कळप शेतात बसला की विहीर त्यांचीही, हे कुणाला सांगावं लागायचं नाही. विहिरीवर त्यांची बाई आधी आली तर माझी आई घागर बाजूला ठेवून थांबायची. ते बघत मी वाढले, त्यामुळे भिंतीपलीकडच्या रिकाम्या ड्रमकडे बघून मला झोप लागेना असं नाही, मला सरळ संताप यायचा.

मी कॉलनीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. टँकर गल्ली चारच्या टोकाला थांबतोच, तिथून पाइप भिंतीवरून टाकला की एक ड्रम भरतो, तेवढा भरू द्या. आमचे अध्यक्ष सरकारी खात्यातून निवृत्त झालेले साहेब. ते गोड हसले आणि म्हणाले, "ताई, तुमची भावना समजते. पण त्या सभासद नाहीत ना. आज एकाला दिलं की उद्या सगळी वस्ती येईल." ज्यांची विहीर गिळून आम्ही सभासद झालो, ती बाई सभासद नाही! विषय संपला.

मी घरी आले आणि कोडमध्ये एक सूचना चिकटवली. मंगळवार आणि शुक्रवारी गल्ली चारच्या पुढे बारीक अक्षरात 'अधिक एक' असं दिसेल. सूचनेला मी नाव दिलं नुसतं 'एम'. एवढ्या गचाळ कोडमध्ये एक एम कुणाच्या डोळ्यांत भरणार? ड्रायव्हरला त्याचा अर्थ सांगितला. तो सिल्लोडकडचा, आधीच मला बाजी म्हणजे ताई म्हणायचा. म्हणाला, "हौ बाजी, समझ गया. एक डरम पीछे." कॉलनीतल्या लोकांना 'अधिक एक' म्हणजे संगणकाचं काहीतरी वाटलं आणि कुणी विचारलंसुद्धा नाही. म्हातारीचा ड्रम आठवड्यातून दोनदा भरायला लागला. मी चोरी केली असं कुणाला वाटत असेल तर खुशाल वाटू दे. मला एक क्षणही तसं वाटलेलं नाही.

आणि मग आमरस खायला अध्यक्षांचा जावई आला.

जावई पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होता. रविवारच्या मीटिंगला सासऱ्यांनी त्याला कौतुकानं शेजारी बसवलं. त्यानं लॅपटॉपवर माझ्या पानाचा आतला कोड उघडला आणि तो सगळ्यांदेखत हसला. वाईट हसला नाही, तेवढं खरं. पण हसला. "काकू, हा कोड आहे की अडगळीची खोली?" म्हणाला. मग त्यानं छोटं प्रवचन दिलं. नाव असं असावं की वाचणाऱ्याला अर्थ कळावा. एकच गोष्ट दहा ठिकाणी लिहू नये. जे का आहे हे सांगता येत नाही ते ठेवू नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांना मोबाइलमधला फोटो कसा पाठवायचा हे मी शिकवलं होतं, तेसुद्धा कोडच्या स्वच्छतेबद्दल बोलायला लागले. अध्यक्ष म्हणाले, "आमचे जावई देतील एकदा साफ करून." जावई साफ करून देणार म्हटल्यावर नको कोण म्हणणार?

दुपारी त्याचा फोन आला. "काकू, हा एम म्हणजे काय? आणि हे अधिक एक?"

मागून सासऱ्यांचा आवाज येत होता, फोन स्पीकरवर होता. मी काय सांगणार? "राहू दे तो," एवढंच म्हटलं.

"पण कशासाठी आहे?"

"राहू दे म्हटलं ना."

तो हसून म्हणाला, "काकू, असंच तर घाण साठत जाते."

संध्याकाळपर्यंत नवं पान आलं. सुंदर होतं. किनार गेली होती, अक्षरं टपोरी झाली होती, पान पटकन उघडत होतं. आणि गल्ली चारच्या पुढचं 'अधिक एक' गेलं होतं. पासवर्डही बदलला होता, सुरक्षेसाठी म्हणे. मी त्याला फोन केला तर म्हणाला, "तो बग होता काकू. कुठल्याच सभासदाशी जुळत नव्हता, म्हणून काढला." सभासदाशी जुळत नव्हता. सासऱ्यांचंच वाक्य, फक्त संगणकाच्या भाषेत.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी अध्यक्षांना सांगायला गेले की पान पूर्वीसारखं करा, तर त्यांच्या बायकोनं आमरसाची वाटी पुढे केली आणि म्हणाली, जावयानं हौसेनं केलंय, त्याला नावं नका ठेवू. जावयाच्या हातचं मोडता येत नाही, मग ते पंगतीतलं वाढप असो की टँकरचं वाटप.

मंगळवारी ड्रायव्हर गल्ली चारच्या टोकाला थांबला आणि मला हाक मारून म्हणाला, "बाजी, वो अधिक एक किधर गया? पेज पे नई है तो मैं नई रुक सकता. सेक्रेटरी साब गाडी का फोटू निकालते." त्याची नोकरी होती, त्याला काय बोलणार? मी आमच्या टाकीतल्या बादल्या भिंतीवरून दिल्या. दोन-तीन बादल्यांनी शेळ्यांची तहान भागत नाही. म्हातारी बायपास ओलांडून पलीकडच्या ढाब्यावर पाणी मागायला जायला लागली. डोक्यावर घागर घेऊन ती ट्रकांच्या मधून येताना मी एकदा बसमधून बघितली आणि तिथंच उतरले. मी घागर घ्यायला हात पुढे केला तर तिनं दिली नाही.

"काय झालं बाई पाण्याला? आमचं काय चुकलं का?" तिनं विचारलं.

आमचं काय चुकलं का! मला त्या वाक्याचा इतका राग आला की रस्त्यातच रडू फुटलं. तिला कोड सांगायचा की सासरा-जावई सांगायचे? मी म्हटलं, "मावशी, मशीन बिघडलंय. करते नीट."

"करा बाई. शेळ्या लई वरडायल्यात. दोन इकल्या परवा पाचोडच्या बाजारात. उरलेल्या इकू वाटत नाय."

मी तशीच अध्यक्षांच्या घरी गेले. जावई अजून मुक्कामालाच होता, गच्चीवर एकटा, लॅपटॉप मांडीवर. मी त्याला सगळं सांगितलं. विहीर, बाग, ड्रम, शेळ्या, सगळं. त्याचा चेहरा उतरला हे मी बघितलं. पण बोलला काय? "मग काकू, तसं स्पष्ट लिहायचं ना कोडमध्ये. एम काय लिहिता? मला कसं कळणार?"

"स्पष्ट लिहिलं असतं तर तुमच्या सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी काढलं असतं!" माझा आवाज गल्लीत गेला असणार. "तुम्हाला स्वच्छ हवं असतं. स्वच्छ लिहिलेलं सगळ्यांना दिसतं, आणि दिसलं की ज्याच्या हातात आहे तो पुसतो. एम होता म्हणून ती बाई पाणी पीत होती."

मग एका चिठोऱ्यावर नवा पासवर्ड लिहून त्यानं माझ्या हातात दिला. "उद्या मी निघतोय. तुम्ही बघा," म्हणाला. खाली जाऊन सासऱ्यांशी दोन शब्द बोलला असता तर मी त्याला मानलं असतं. पण सासुरवाडीत वाईटपणा कोण घेणार? नावं कशी ठेवावीत याचं ज्ञान सगळ्या कॉलनीला देणारा माणूस स्वतःच्या सासऱ्यासमोर तोंड उघडू शकत नव्हता. त्याचाही मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

घरी येऊन मी त्याचा कोड उघडला. आणि खरं सांगते, तो मला वाचता आला. माझा स्वतःचा जुना कोड मला वाचता यायचा नाही, कुठं काय चिकटवलंय ते शोधायला लागायचं. त्याचा ओळीनं वाचत गेले. गल्ली एक, तिचे वार. गल्ली दोन, तिचे वार. सगळ्यांना नाव होतं, जागा होती. एवढ्या स्वच्छ घरात एम लपवायला कोपरा नव्हता. तेव्हा मी ठरवलं की आता लपवायचंच नाही. गल्ली सहाच्या खाली मी नवी ओळ लिहिली आणि तिला पूर्ण नाव दिलं, विहिरीची मालकीण. मंगळवार, शुक्रवार, एक ड्रम. पानावर ती ओळ गल्ल्यांच्याच आकाराच्या अक्षरात दिसायला लागली. पुसायची असेल तर सगळ्यांदेखत पुसा.

अपेक्षेप्रमाणे तातडीची मीटिंग लागली. वर्गणी आम्ही भरतो, कोण ही मालकीण, कुणाला विचारून टाकलं, असा गलका झाला. मी म्हटलं, "विहीर कुणाची होती ते इथं कुणाला माहीत नाही का? नसेल तर हात वर करा." एकही हात वर आला नाही. "मग ती ओळ पुसायची असेल तर पुसा. हा लॅपटॉप. ज्याला पुसायची त्यानं पुढे यावं." हास्यक्लबवाले सगळे आपल्या चपलांकडे बघत बसले.

तेव्हा अध्यक्षांनी घसा खाकरला. त्यांच्या नोकरीचा सगळा अनुभव त्या खाकरण्यात होता. "ठीक आहे," ते म्हणाले, "आपण मानवतेच्या दृष्टीने देऊ." टाळ्या पडल्या. लगेच ठरलं की शुक्रवारी छोटा कार्यक्रम घ्यायचा, आजीबाईंना पदाधिकाऱ्यांच्या हस्ते पाणी द्यायचं, फोटो काढायचे, बागेच्या फाटकावर फ्लेक्स लावायचा. जे पाणी आधी गुपचूप मिळत होतं ते बंद पाडून आता उपकार म्हणून द्यायचं, आणि वर फोटो!

शुक्रवारी म्हातारी लुगड्याचा पदर नीट करून उभी राहिली, कारण उभं राहिल्याशिवाय ड्रम भरणार नव्हता. पाच जणांनी मिळून एक पाइप धरला. खजिनदारांचे डोळे मिटले म्हणून फोटो पुन्हा काढला, तोवर पाणी जमिनीवर सांडत होतं. म्हातारी सांडणाऱ्या पाण्याकडे बघत होती.

फ्लेक्सचं काम आमच्याच दुकानात आलं. मजकूर अध्यक्षांच्या अक्षरात होता, 'कॉलनीतर्फे मानवतेच्या दृष्टीने गरजू वृद्धेस मोफत पाणीवाटप.' खाली पाच फोटो. मी फोटो लावले आणि मजकुराचा कागद उलटा करून ठेवला. मग माझ्या मनातलं लिहिलं. 'ही बाग ज्या विहिरीवर उभी आहे, त्या विहिरीच्या मालकीणबाईंना त्यांच्या हक्काचं पाणी. मंगळवार आणि शुक्रवार, एक ड्रम.' ठळक, काळ्या अक्षरात, किनार न टाकता.

प्रूफ मी पाचही जणांना मोबाइलवर पाठवलं आणि वर लिहिलं, मजकूर वाचून घ्या. उत्तरं आली. माझा फोटो जरा उजळ करा. माझ्या नावामागे 'मा.' राहिलंय. सचिवांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा का? अध्यक्षांनी लिहिलं, ओके, छापा. इतक्या वर्षांत आमच्या गावात फ्लेक्सचं प्रूफ बघताना कुणी स्वतःच्या फोटोपलीकडे बघितल्याचं मला आठवत नाही. मी छापला.

फ्लेक्स लागला त्या दिवशी दुपारी अध्यक्ष दुकानात आले. चेहरा लाल. "बाई, हे काय छापलंत?"

"तुम्ही ओके दिलंत."

"मी दिलेला मजकूर बदललात तुम्ही!"

"बदलला," मी म्हटलं. "आता त्यात खोटं काय आहे तेवढं सांगा. तेवढंच काढते आणि नवा छापून देते."

मागं मशीन चालू होतं, कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स निघत होता. "विहीर बुजवली तेव्हा मी अध्यक्ष नव्हतो," ते शेवटी म्हणाले.

"मग तेही टाकू का?"

ते गेले. फ्लेक्स काढायचा तर का काढला हे सांगावं लागलं असतं, शिवाय त्यावर त्यांचा फोटो सगळ्यात मोठा होता. तो उन्हानं विटेपर्यंत तिथंच राहिला. पानावरची ओळही राहिली. पुढच्या मंगळवारी ड्रायव्हरनं मोबाइल बघितला आणि कुणालाही न विचारता भिंतीवरून पाइप टाकला. विकलेल्या शेळ्या काही परत आल्या नाहीत.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. एका शुक्रवारी मी तिला फाटकाशी नेलं आणि फ्लेक्स मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग बोट वर करून विचारलं, "आन् ह्ये फोटूतले समदे कोण म्हनायचे?"

"ज्यांनी तुमचं पाणी बंद केलं होतं ते," मी म्हटलं.

"मग फोटू त्यांचे कशापायी?"

मी पुन्हा वर त्या फोटोंकडे बघायला लागले. "चला बाई," ती म्हणाली, "टँकर वळायलाय." ती ड्रम सरकवायला भिंतीकडे निघाली, आणि मी तिच्या मागोमाग गेले.